टोपल्यात काय होतं

अण्णा लढाईचं प्रकरण लिहायला बसले की आई भांडी मागच्या दारी नेऊन घासायची, तीही हलक्या हातानं, आवाज होऊ न देता. विष्णुपुरीला धरणावरच्या नोकरमाणसांच्या वसाहतीत आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. पुढच्या खोलीत खिडकीला लागून अण्णांचं टेबल, आणि समोरच्या भिंतीवर शाळेत लावतात तसला जगाचा नकाशा. नकाशावर त्यांनी तांबड्या पेन्सिलीनं बाण काढलेले असत. कुठली फौज कुठून येणार, कुठला पूल उडणार, विमानं कुठं उतरणार, हे सगळं त्या बाणांत असे. दिवसा ते पाटबंधारे खात्यात कारकून होते. सकाळी ऑफिसला जाण्याआधीचे दोन तास आणि रविवारचा सगळा दिवस ते मेजर यशोधन असत. यशोधन हा त्यांच्या कादंबऱ्यांचा नायक. बसस्टँडवरच्या स्टॉलला, भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या दुकानांत, पार किनवट-इस्लापूरपर्यंत या खिशात मावणाऱ्या कादंबऱ्या जात. मुखपृष्ठावर हमखास आग असे.

अण्णांनी समुद्र पाहिलेला नव्हता. गोदावरीला पाणी वाढून धरणाचे दरवाजे उघडले की ते भिंतीवर जाऊन उभे राहत, तो घोंघाट कानात भरून घेत आणि घरी येऊन पाणबुडीचं प्रकरण लिहीत. तरुणपणी ते फौजेच्या भरतीला गेले होते. छाती दोन बोटं कमी भरली म्हणून तिथल्या हवालदारानं त्यांना पाठीवर थाप मारून परत पाठवलं होतं. ही गोष्ट त्यांनी आम्हाला एकदाच सांगितली, हसत सांगितली, आणि आईनं त्यांच्याकडं बघून नजर खाली घातली, ते मला आठवतं. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे. आता मला वाटतं, त्या सगळ्या कादंबऱ्या त्या हवालदाराला उद्देशून लिहिलेल्या होत्या.

त्यांचं अक्षर फार वाईट. छापखान्यातले लोक वैतागत. म्हणून मी आठवीत गेल्यापासून त्यांच्या कादंबऱ्यांची स्वच्छ प्रत करायचं काम माझ्याकडं आलं. शाळेतून आले की आई मला वाटीभर सुशीला, म्हणजे भिजवून फोडणी दिलेले मुरमुरे, द्यायची, त्यावर शेंगदाणे आणि लिंबू, आणि वाटी संपवून मी टेबलाशी बसायचे. मुरमुऱ्याचे कण कागदावर पडायचे. मी लिहायचे, 'यशोधनच्या स्टेनगनने आग ओकली आणि शत्रूचे सात सैनिक धारातीर्थी पडले.' शत्रूचे सैनिक धारातीर्थी पडत नाहीत, नुसते मरतात, असं अण्णा म्हणायचे आणि ते खोडायला लावायचे. या कामाचा मला लई अभिमान होता. वर्गातल्या मुलींत पुढचं प्रकरण आधी माहीत असणारी मी एकटी होते.

आमच्या नात्यात खरा फौजी एकच होता, बालाजीमामा, आईचा धाकटा भाऊ. आईचं माहेर देवणीचं. मामा सुट्टीवर आले की आधी आमच्याकडं एक मुक्काम करून मग पुढं गावाला जात. ते आले की अण्णा त्यांच्यासमोर वही घेऊन बसत. "बालाजीराव, सुरुंग फुटला की आधी आवाज येतो का उजेड दिसतो?" मामा हसून म्हणत, "दाजी, आधी लघवी होती." आई पदर तोंडाला लावून हसायची. अण्णा ते वहीत लिहून घेत नसत.

मग मामांची पलटण परदेशात गेली. त्या देशाचं नाव मी इथं लिहीत नाही. मामांनीही ते कधी घेतलं नाही, ते 'तिकडं' म्हणायचे. तिथल्या लोकांचं आपसातलं भांडण आपली फौज मिटवायला गेली आहे, एवढंच आम्हाला रेडिओवरून कळलं होतं. सव्वा वर्ष आई संध्याकाळच्या बातम्यांना देव्हाऱ्यापुढं बसायची आणि बातम्या संपेपर्यंत वात लावायची नाही. मामांची पत्रं दोन-दोन ओळींची येत. 'मी खुशाल. आक्का, काळजी करू नये.' ते परत आले तेव्हा एका सुरुंगाच्या हादऱ्यानं त्यांचा उजवा कान गेलेला होता आणि डाव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. फौजेनं त्यांना घरी पाठवलं. कानाच्या उपचारासाठी नांदेडला सारखं यावं लागे, म्हणून आईनं त्यांना आमच्याकडंच ठेवून घेतलं. मामी आणि लहानगा दिगंबर देवणीला होते. दोन महिने मामा आमच्या मागच्या खोलीत राहिले.

आईनं त्या दोन महिन्यांत काय काय केलं असेल! ज्वारीची पातळ भाकरी, अंबाडीची भाजी, वरून लसणाची फोडणी, येसराची आमटी, धपाटे आणि दही. मामा सगळं खायचे. पण पहिल्याच रविवारी आईनं पाहुण्याचा म्हणून भात केला आणि वाढायला गेली, तर त्यांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले. "भात नको, आक्का." "का रे? लहानपणी भातासाठी रडायचास की." "आता पचत न्हाई." आईनं विश्वास ठेवला. त्यानंतर भात झाला तर ते उठून अंगणात जात, आणि आमचं जेवण उरकलं की परत येत.

रोज दहाच्या सुमाराला गल्लीत भाजीवाली यायची. गंगाबाई नावाची, काळीसावळी, म्हातारीच म्हणायची, डोक्यावर मोठं टोपलं. आमच्या ओट्याशी येऊन ती हाक द्यायची आणि टोपलं उतरवायला हात वर न्यायची. परीक्षेनंतरची सुट्टी होती, मी घरीच होते. मामा ओट्यावर दाढी करत बसले होते. गंगाबाईनं हात वर नेला आणि मामांच्या हातातला आरसा खाली पडला. ते उठले, भिंतीला धरत आत गेले, आणि मागच्या खोलीत कोपऱ्यात उकिडवे बसले. अर्ध्या गालाला साबण तसाच. मी मागोमाग गेले. ते दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरत होते. आई बाहेर गंगाबाईशी वांग्यांचा भाव करत होती. तिला काही कळलं नाही.

"मामा, काय झालं?"

"काय न्हाई. जा तू."

मी गेले नाही. मी सोळा वर्षांची होते आणि मला वाटायचं की युद्धाबद्दल मला सगळं माहीत आहे. चार-पाच दिवस मी त्यांच्या मागं लागले. शेवटी एका दुपारी, आई शेजारी पापड लाटायला गेली होती, तेव्हा मागच्या दारी लिंबाखाली बसून त्यांनी सांगितलं. मी त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसले होते. ते माझ्याकडं बघत नव्हते, चपलेनं जमीन उकरत होते.

"तिकडं एक रस्ता होता. दोन्ही अंगानं ताडाची झाडं. तिथं आमची चौकी. आदल्या दिवशी आमची गाडी सुरुंगावर गेलती. तीन पोरं गेली. त्यातला एक माझ्या बाजूच्या खाटेवरचा. त्याचा नुसता बूट घावला. दुसऱ्या दिवशी सांगितलं गेलं, रस्त्यावर कुणी दिसलं तर थांबवायचं. थांबलं न्हाई तर गोळी."

ते थांबले. आता लिहिताना लाज वाटते, पण अण्णांच्या कादंबरीचं पान उलटताना जसं वाटायचं तसंच मला तेव्हा वाटत होतं.

"म्हातारी आली. माझ्या अव्वाच्या वयाची. डोक्यावर टोपलं. मी वरडलो, थांब. हिंदीत वरडलो. तिला काय कळंना. दोन पावलं अजून आली. मी बंदूक वर केली, तसा तिनं हात वर नेला. टोपलं धरायला, पोरी. बाई दचकली की आधी टोपलं धरती. एवढं मला कळाया पायजे होतं. माझ्या अव्वानं जलमभर टोपलं वाहिलं. मी तिच्याच पोटचा ना?"

"मग?"

"मग काय? गोळी घातली मी."

आणि मी विचारलं, "टोपल्यात काय होतं?"

मामांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "भात. केळीच्या पानात बांधलेला. कुणासाठी तरी घेऊन चालली असंल. मी हात लावून बघितला. गरम होता."

मग ते म्हणाले, "आक्काला सांगू नको. कुणालाच सांगू नको. तुला का सांगितलं मी, देव जाणे." मी त्यांच्या हाताला हात लावून शपथ घेतली. महिन्याभरानं त्यांचे उपचार संपले. कान काही आला नाही. ते देवणीला निघून गेले.

पावसाळ्यात अण्णा नव्या कादंबरीत अडकले. दोन देश लढतायत, तिसऱ्याच देशाच्या भूमीवर, यशोधन तिथं शांतिसेनेत, असं कथानक होतं. बालाजीमामांच्या पलटणीवरूनच त्यांना ते सुचलं होतं. पण मधल्या प्रकरणांशी गाडी अडली. अण्णा चिडचिडे झाले. जेवताना नकाशाकडं बघत बसायचे, आमटी निवून जायची. एका रविवारी मी प्रत करायला बसले होते तेव्हा ते आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "यशोधन फार देव होऊन बसलाय. त्याला एक जखम पाहिजे. आतली. कधी भरणार नाही अशी."

मी सांगून टाकलं.

का सांगितलं, याची कारणं मी इतकी वर्षं जुळवत आले आहे. अण्णांची कीव आली, म्हणून. आपल्याजवळ काहीतरी मोठं आहे आणि ते कुणाला ठाऊक नाही, हे सहन होईना, म्हणून. अण्णांनी कधी माझ्याकडं लेखकानं लेखकाकडं बघावं तसं बघावं, म्हणून. यातलं शेवटचं खरं असावं. सांगून झालं तेव्हा अण्णांचे डोळे भरून आले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. "बिचारा बालाजी," ते म्हणाले. मग त्यांनी ते जसंच्या तसं लिहिलं, भातासकट, आणि मी त्याची प्रत केली. त्यांनी आजवर लिहिलेली ती सगळ्यांत चांगली चार पानं होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती पानं माझ्याकडून परत घेतली आणि फाडली.

"हे नाही चालणार, सुमे. यशोधनच्या हातून निरपराध बाई मेली तर वाचक त्याला तिथंच सोडून देईल. पुढची दीडशे पानं कोण वाचणार?"

तीन दिवस ते पुन्हा अडले. चौथ्या दिवशी मी सुशीलाची वाटी घेऊन त्यांच्या टेबलाशी उभी होते. मी म्हणाले, "अण्णा, टोपल्यात बॉम्ब असला तर?"

अण्णांनी मान वर केली. त्यांचा चेहरा उजळत गेला. "म्हणजे म्हातारी नाहीच ती," ते सावकाश म्हणाले. "हेर. वेश बदलून आलेली. यशोधन आधी मारतो, पश्चात्तापानं पोळतो, आणि मग टोपलं उघडतो. वा!" ते उठून उभे राहिले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शाब्बास, पोरी." त्या आठवड्यात नांदेडहून येताना त्यांनी माझ्यासाठी सोनेरी निबचं पेन आणलं. त्याच पेनानं मी त्या प्रकरणाची नवी प्रत केली.

पुस्तक दिवाळीच्या सुमाराला निघालं आणि अण्णांच्या कुठल्याच पुस्तकाला मिळाला नव्हता तसा वाचक त्याला मिळाला. मी मनाशी धरून होते की मामा कादंबऱ्या वाचत नाहीत, त्यांना कधी कळणार नाही. पण अण्णांनी माझ्या नकळत, प्रेमानंच, पहिल्या पानावर मामांचा वर्दीतला फोटो टाकला होता आणि खाली छापलं होतं: 'या कादंबरीतील थरारक प्रसंग ज्यांच्या प्रत्यक्ष आयुष्यात घडला, ते माझे मेहुणे, वीर जवान बालाजीराव यांस.' फोटोमुळं पुस्तक देवणीला घरोघरी गेलं.

जानेवारीत गावानं मामांचा सत्कार ठेवला. शाळेच्या मैदानावर मांडव, लेझीम, कर्णे. आम्ही तिघं आदल्या दिवशीच गेलो. कौशल्यामामीनं नवं लुगडं नेसलं होतं. मामांना सत्कार कशाबद्दल हे धड माहीत नव्हतं. लढाईत कान गेला म्हणून असेल, असं ते धरून चालले होते. नको नको म्हणत होते, पण सरपंच स्वतः घरी येऊन गेल्यावर त्यांचा नाइलाज झाला. पुस्तक त्यांनी उघडलं नव्हतं. मामीनं ते देव्हाऱ्यात ठेवलं होतं, त्याला हळदकुंकू लावलेलं होतं.

मांडवात मामांना मधल्या खुर्चीत बसवलं. फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला. मग शाळेतल्या एका मास्तरांनी पुस्तक उघडलं आणि कर्ण्यावरून ते प्रकरण वाचायला सुरुवात केली. मास्तरांचा आवाज भारदस्त होता. मामांनी चांगला कान आवाजाकडं केला आणि सुरुवातीला ते नुसते ऐकत होते, सगळे ऐकतात तसे. मग ताडाची झाडं आली. मग म्हातारी आली. मी बायकांच्या बाजूला आईशेजारी बसले होते. माझ्या मांडीवर दिगंबर होता. मास्तर वाचत होते, 'यशोधनने थरथरत्या हाताने टोपल्यावरचे फडके दूर केले आणि त्याच्या अंगावर काटा आला. केळीच्या पानाखाली मृत्यू टिकटिकत होता!' मांडवात टाळ्या पडल्या. कुणीतरी घोषणा दिली. मामा मान वळवून गर्दीत शोधत होते. त्यांना मी दिसले. त्यांनी डोळे वटारले नाहीत, रागानं बघितलं नाही. नुसतं बघितलं. मग ते उठले आणि मास्तरांच्या हातातून माईक घेतला.

"हे खरं न्हाई," मामा म्हणाले. माईक तोंडाला अगदी चिकटवून धरल्यामुळं आवाज फाटत होता. "टोपल्यात बाम नव्हता. भात होता. ती कुणी हेर न्हवती. साधी बाई होती, आपल्या घरातल्यासारखी. माझ्या हातनं मेली ती. मी मारलं तिला."

मला वाटलं, झालं, आता सुटले सगळे. तेवढ्यात अध्यक्ष पुढं आले. मोठे भले गृहस्थ होते. त्यांनी मामांच्या खांद्यावर हात टाकला, माईक हलकेच काढून घेतला आणि म्हणाले, "बघा मंडळी! शत्रूच्या बाईबद्दलसुद्धा या माणसाच्या काळजात केवढी माया हाय! खरा शूर असाच असतो. मोठेपणा घ्यायला तयार न्हाई." आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की दिगंबर दचकून रडायला लागला. लेझीम सुरू झाली. अण्णा पहिल्या रांगेत होते. ते आधी पुतळ्यासारखे बसून होते, मग त्यांनीही टाळ्या वाजवल्या. आई वाजवत नव्हती. तिनं आपल्या भावाचा आवाज ऐकला होता. तिला भाताचं ताट आठवलं असेल. तिनं माझ्याकडं वळून बघितलं तेव्हा माझे दोन्ही हात टाळीला जोडलेले होते.

मामांच्या घरी आल्यावर आईनं अण्णांना विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" अण्णांची नजर माझ्याकडं गेली. आई उठून चुलीकडं गेली. त्या दिवसानंतर ती माझ्याशी बोलली, मला वाढलं, माझी वेणी घातली, माझं लग्न करून दिलं. पण पुन्हा कधी तिनं आपल्या मनातलं मला सांगितलं नाही.

त्याच संध्याकाळी मी गोठ्याकडं गेले. मामा फेटा सोडून बसले होते. गाय रवंथ करत होती. मी रडत होते, पाया पडायला वाकले, तर त्यांनी मला धरून बाजूला बसवलं. ते रागावतील म्हणून मी वाट बघत होते. ते म्हणाले, "तुझं वय काय आणि अक्कल काय. तुला का बोलू? पण तिचं तेवढंच राहिलं होतं, पोरी. बेकसूर होती ती, एवढंच. जीव मी घेतला, आणि हे आता आपण सगळ्यांनी मिळून घेतलं."

पुढची काही वर्षं मामा भेटेल त्याला खरं सांगत राहिले. पारावर, बाजारात, पिठाच्या गिरणीत. लोक आधी मान डोलवत, मग हसत, मग टाळायला लागले. सुरुंगाचा हादरा डोक्याला बसलाय, असं गावानं ठरवून टाकलं. भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे पळायला जाताना त्यांच्या पाया पडायची. त्यांना मामा अडवून सांगायचे, आणि ती 'हाव काका, हाव' म्हणत पुढं पळायची. मामी म्हणायची, "बास करा की आता. लोक देव मानून राहिले तुम्हाला, अन् तुम्ही स्वतःच्या तोंडाला काळं फासता." हळूहळू ते बोलायचे थांबले. त्यांच्या गप्प बसण्यालाही गावानं मोठेपणाच म्हटलं.

अण्णांनी त्यानंतर आणखी पाच कादंबऱ्या लिहिल्या. त्यांच्या प्रती मीच केल्या. नाही म्हणता आलं असतं, म्हटलं नाही. मग मी लग्न होऊन लातूरला आले, शाळेत मराठी शिकवू लागले. शिकवताना मुलींनी 'आमचे आवडते पुस्तक' या निबंधात अण्णांची ती कादंबरी लिहिली, असं दोनदा झालं. मी दोघींनाही गुण दिले. अण्णा शेवटच्या दुखण्यात माझ्याकडंच होते. त्यांनी मामांना बोलावून घ्यायला सांगितलं. मामा एसटीनं आले, दुपारभर पलंगाशेजारी बसून होते. मोसंबी सोलून, बिया काढून, एकेक फोड अण्णांच्या तोंडात घालत होते. मध्येच अण्णा म्हणाले, "कादंबरी होती हो ती, बालाजीराव." मामा म्हणाले, "हाव, दाजी." एवढंच. संध्याकाळच्या गाडीनं ते परत गेले.

गेल्या वर्षी मामा वारले. परवा वर्षश्राद्धाला मी देवणीला गेले होते. आई, अण्णा, मामी, सगळे आधीच गेलेले. आता त्या काळातली अशी मीच उरले आहे. जेवणं उरकल्यावर दिगंबर माझ्याजवळ येऊन बसला. त्याचेही केस पिकलेत. गावानं शाळेसमोर मामांचा स्मृतिस्तंभ उभारायचं ठरवलं आहे, काळा दगड आलाही आहे. दगडावर कोरायचा मजकूर त्यानं कागदावर लिहून आणला होता. "ताई, तुम्ही मराठीच्या बाई. एवढं नजरेखालून घाला. एकदा कोरलं की बदलता येत न्हाई."

मी वाचलं. शत्रूच्या हेर स्त्रीच्या टोपल्यातील बॉम्ब ओळखून शेकडो जवानांचे प्राण वाचवणारे, असं त्यात होतं. मी त्याला म्हणाले, "दिगंबर, हे असं झालं नव्हतं." आणि सगळं सांगितलं. लिंबाखालची दुपार, भात, फाडलेली चार पानं, आणि बॉम्ब कुणी ठेवला ते. हे शेवटचं मी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला सांगत होते. तो शांतपणे ऐकत होता. मध्ये एकदा त्याच्या बायकोनं चहा आणून ठेवला, तो तसाच निवला.

"मला ठाऊक हाय, ताई," तो शेवटी म्हणाला. "बाबा शेवटी शेवटी झोपेत बी तेच बोलायचे. मी ऐकलंय. तुमचं खरं असंल, न्हवं, खरंच हाय. पण तुम्हीच सांगा, माझ्या बापानं एक म्हातारी मारली, असं मी दगडावर कसं लिहू? अन् ते न्हाई लिहायचं, तर दुसरं काय लिहू?"

त्यानं खरोखर उत्तरासाठी माझ्याकडं बघितलं. बाहेर पोरं मांडवाच्या खुर्च्या उचलून टेम्पोत टाकत होती. मी पिशवीतून चष्मा आणि पेन काढलं, कागद मांडीवर घेतला. 'विर' चं 'वीर' केलं, 'स्फुर्ती' चं 'स्फूर्ती' केलं, आणि कागद त्याच्या हातात परत दिला.